साक्षीदाराचे कर्तव्य आणि शासनाचे देणे

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. साक्षीदाराला मात्र हा शहाणपणा परवडणारा नाही. समन्स हाती पडले की न्यायालयात हजर होणे हे त्याचे कायदेशीर कर्तव्य ठरते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २०८ अन्वये न्यायालयाचे समन्स हेतुपुरस्सर डावलणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत साधा कारावास, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. सबळ कारणाविना गैरहजर राहणाऱ्यास, त्याचे म्हणणे ऐकून, संक्षिप्त चौकशीने पाचशे रुपयांपर्यंत दंड करण्याचा अधिकारही नागरिक सुरक्षा संहितेने न्यायालयास दिला आहे. १९७३ च्या संहितेत ही मर्यादा शंभर रुपयांची होती.

हे बंधन योग्यच आहे. ज्याने गुन्हा पाहिला तोच मौन पाळू लागला, तर निरपराध्याची सुटका आणि अपराध्याची शिक्षा दोन्ही अशक्य होतील. प्रश्न आहे तो या कर्तव्याची किंमत कोणी मोजावी, हा.

आपल्या गोंदिया जिल्ह्याचेच उदाहरण घ्या. सत्र न्यायालय गोंदियास. साक्षीदार मात्र सालेकसा, देवरी वा अर्जुनी मोरगावच्या एखाद्या खेड्यातला. रोवणीच्या किंवा तेंदूपत्ता तोडणीच्या दिवसांत तारीख पडली, तर प्रवासखर्चाबरोबर त्याची रोजीही बुडते. अर्थशास्त्राच्या भाषेत हा त्याच्यावर बसलेला अप्रत्यक्ष करच होय. आणि हा कर गरिबाला अधिक जाचतो. पगारी नोकराचा एक दिवस रजेत जातो, मजुराचा चुलीतून जातो.

कायद्याने भरपाईची सोय केलेली नाही, असे नाही. राज्य शासनाच्या नियमांस अधीन राहून साक्षीदाराचा वाजवी खर्च शासनाने द्यावा, असा आदेश न्यायालय देऊ शकते. परंतु येथे विषमता आहे : हजर राहणे सक्तीचे, खर्च देणे ऐच्छिक! त्यातच साक्षीदार दाराशी उभा असताना खटला तहकूब होतो. साक्षीदार हजर असता, विशेष कारणे लेखी नोंदविल्याशिवाय, त्यांची साक्ष न घेता तहकुबी देऊ नये, असे कायदाच सांगतो. दूरवरून आलेल्या साक्षीदाराने तारखांमागून तारखा घेत हेलपाटे घालावेत, या दुरवस्थेवर सर्वोच्च न्यायालयाने २००० साली स्वर्णसिंग खटल्यात कठोर शब्दांत बोट ठेवले होते. साक्षीदार-संरक्षण योजनेला त्याच न्यायालयाने २०१८ मध्ये मान्यता दिली. पण ती भयाचे निवारण करते, बुडालेल्या रोजीचे नव्हे.

म्हणून उपाय साधे हवेत. भत्ता हा हक्क मानून त्याच दिवशी न्यायालयातच हाती द्यावा. शेतीचा हंगाम पाहून तारखा नेमाव्यात. दृक्‌श्राव्य माध्यमातून साक्ष घेण्यास नवा कायदा वाव देतो. ती सोय तालुक्याच्या ठिकाणी उपलब्ध व्हावी. तहकुबी मागणाऱ्या पक्षावर साक्षीदाराच्या खर्चाचा भार टाकावा.

साक्षीदार न्यायालयाकडे काही मागण्यासाठी येत नाही; तो न्यायासाठी काही देण्यास येतो. त्याच्या गैरहजेरीचा दंड वसूल करणाऱ्या शासनाने त्याच्या हजेरीचे देणेही तितक्याच तत्परतेने फेडले पाहिजे.