झेंडूतील पीतद्रव्य आणि पीतबिंदूचा ऱ्हास

मानवी दृष्टिपटलाच्या मध्यभागी एक लहानसा पिवळसर भाग असतो. वाचणे, सुईत दोरा ओवणे, समोरच्याचा चेहरा ओळखणे ही सर्व कामे या पीतबिंदूच्याच आधारे होतात. त्याचा रंग मुख्यत्वे ल्युटीन व झियाझँथिन या वनस्पतिजन्य द्रव्यांमुळे येतो. ती आहारातूनच मिळवावी लागतात. पालेभाज्यांत ल्युटीन विपुल असते, तर पिवळा मका झियाझँथिनसाठी उल्लेखनीय आहे. दोन्ही द्रव्ये मेदात विरघळणारी असल्यामुळे भाजीस दिलेली तेलाची फोडणी केवळ चवीपुरती नसते.

दृष्टिपटलात प्रकाश, ऑक्सिजन आणि सहज ऑक्सिडीकरण पावणारी मेदाम्ले ही तिन्ही एकत्र आलेली असतात. त्यांतून निर्माण होणारा क्रियाशील ऑक्सिजन पेशींना इजा पोहोचवितो. उपर्युक्त द्रव्ये निळा प्रकाश ग्राहक पेशींपर्यंत जाण्यापूर्वीच शोषून घेतात. शिवाय उत्तेजित ऑक्सिजनची ऊर्जा स्वतःकडे घेऊन ती उष्णतेच्या रूपाने सोडून देतात.

औषधासाठी ल्युटीन प्रामुख्याने झेंडूपासून काढतात. दसऱ्याच्या तोरणातील हे फूल मूळचे मेक्सिकोकडचे होय. वाळलेल्या पाकळ्यांचा हेक्झेनने अर्क काढून, त्यातील मेदाम्लांशी बद्ध असलेले ल्युटीन अल्कलीच्या साहाय्याने मोकळे करतात.

चिकित्सेत याचा उपयोग किती, हे मात्र रुग्णांवरील परीक्षणांनीच ठरते. अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्रसंस्थेने २००१ साली प्रसिद्ध केलेल्या परीक्षणात क व ई जीवनसत्त्वे, बीटा-कॅरोटीन, जस्त व तांबे यांचे मिश्रण देण्यात आले. पीतबिंदूचा वार्धक्यजन्य ऱ्हास मध्यम अवस्थेत असलेल्या रुग्णांत तो पाच वर्षांत गंभीर होण्याचा धोका त्यामुळे सुमारे २५ टक्क्यांनी घटला. परंतु फिनलंडमधील धूम्रपान करणाऱ्या पुरुषांत बीटा-कॅरोटीनने फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण वाढल्याचे १९९४ सालीच दिसून आले होते. गाजरातील निरुपद्रवी द्रव्य मोठ्या मात्रेत असे वागावे, हे विचार करण्याजोगे आहे. म्हणून सुमारे ४,२०० व्यक्तींवरील दुसऱ्या परीक्षणात १० मिलिग्रॅम ल्युटीन व २ मिलिग्रॅम झियाझँथिन तपासण्यात आले. २०१३ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मूळ मिश्रणात भर म्हणून त्यांचा एकंदरीत अधिक लाभ झाला नाही. बीटा-कॅरोटीनच्या जागी मात्र ती अधिक निर्धोक ठरली. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया त्यांनी टळली नाही, आणि गेलेली दृष्टीही त्यांनी परत येत नाही. ऱ्हासाचे कोणतेही चिन्ह नसलेल्या माणसाने केवळ प्रतिबंधासाठी या गोळ्या घ्याव्यात, याला या परीक्षणांत आधार नाही.