सुट्टीतल्या सकाळी

परीक्षा संपल्या की मुलं घरात मावत नाहीत. पण आपल्या वर्ध्याचं ऊन! म्हणून सहल पहाटेच काढावी, अन् एका दिवशी एकच ठिकाण बघावं.

आधी सेवाग्राम. गांधीजी १९३६ साली इथं राहायला आले. माती, बांबू अन् कवेलूंच्या बापूकुटीत गारवा कसा राहतो, ते मुलांना आत बसून अनुभवू द्या. दुसऱ्या दिवशी पवनार. विनोबांचा आश्रम अन् धाम नदी. पाण्याजवळ मुलांना एकटं सोडू नका.

दुधातल्या दशम्या, लोणचं, कांदा रात्रीच बांधून ठेवा. दहाच्या आत घरी या अन् दुपारीही त्याच दशम्या वाढा. चुलीला सुट्टी मिळाली, तरच ती आपलीही सहल! खरं ना, मैत्रिणींनो?