प्रश्न आमचा नव्हे, तुमचा! : निबंधकार जेम्स बाल्डविन

चळवळीत वक्त्याला टाळ्या मिळतात, शाहिराला दाद मिळते, नेत्याला हार मिळतात. निबंध लिहिणाऱ्याच्या वाट्याला यातले फारसे काही येत नाही. तो कोपऱ्यात बसून लिहितो आणि त्याचे लिहिणे अनेकदा आपल्याच माणसांना झोंबते. पण आपला प्रश्न नेमका काय आहे, आणि मुळात तो कोणाचा आहे, हे परखडपणे सांगणारा माणूस प्रत्येक शोषित समाजाला लागतोच. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांना जेम्स बाल्डविन यांच्या रूपाने असा माणूस लाभला. 2024 साली त्यांच्या जन्माला शंभर वर्षे झाली. आंबेडकरी चळवळीच्या वाचकांना मार्टिन ल्यूथर किंग माहीत आहेत, माल्कम एक्सही माहीत आहेत. बाल्डविन मात्र आपल्याकडे नावापुरतेच पोहोचले. म्हणून हा लेखप्रपंच.

बाल्डविन यांचा जन्म 2 ऑगस्ट 1924 रोजी न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत झाला. 1913 ते 1916 या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, त्या विद्यापीठाच्या अगदी शेजारची ही काळ्यांची वस्ती. नऊ भावंडांत जेम्स थोरले. जन्मदात्या बापाची ओळख त्यांना कधीच झाली नाही. ज्यांचे आडनाव लागले ते सावत्र वडील डेव्हिड बाल्डविन धर्मोपदेशक होते. कडक, संतापी आणि गोऱ्यांविषयीच्या द्वेषाने आतून जळत राहिलेले. घरात दारिद्र्य, कडेवर कायम एखादे धाकटे भावंड आणि हातात पुस्तक, असे हे बालपण गेले. हार्लेमच्या 135व्या रस्त्यावरचे वाचनालय हीच त्यांची खरी शाळा. विद्यापीठाची पायरी ते कधी विद्यार्थी म्हणून चढले नाहीत. चौदाव्या वर्षी ते स्वतः चर्चमध्ये प्रवचने देऊ लागले आणि तीन वर्षांनी बाहेर पडले. जो धर्म माणसावर प्रेम करायला सांगतो, तोच काळ्या माणसाला निमूट सोसायला शिकवतो, हे त्यांना त्या व्यासपीठावरून जवळून दिसले होते.

1943 सालची गोष्ट. त्यापूर्वी काही काळ ते न्यू जर्सी राज्यात युद्धकामावर मजूर होते. तिथल्या हॉटेलांत काळ्यांना वाढत नसत. एका रात्री असाच नकार मिळाल्यावर त्यांनी समोरचा पाण्याचा मग उचलून वाढपिणीच्या अंगावर फेकला. नेम चुकला, मागचा आरसा फुटला आणि जमावाच्या हातून ते कसेबसे निसटले. त्या रात्री त्यांना दोन गोष्टी कळल्या. एक, आपला खून झाला असता. दोन, आपल्या हातून खून झाला असता. बाहेरच्या अन्यायापेक्षा आपल्याच मनात साचलेला द्वेष आपल्याला आधी संपवील, ही जाणीव तेव्हाची. त्याच वर्षी 29 जुलैला वडील गेले. 1 ऑगस्टच्या रात्री एका गोऱ्या पोलिसाने एका काळ्या सैनिकावर गोळी झाडली आणि हार्लेम पेटले. त्याच दिवसांत, स्वतःच्या एकोणिसाव्या वाढदिवसाच्या सुमारास, बाल्डविन फुटलेल्या काचांच्या रस्त्यांवरून वडिलांना दफन करायला निघाले. घरचे मरण आणि वस्तीचा वणवा एकाच लेखणीने मांडणारा तो निबंध पुढे त्यांच्या ‘नोट्स ऑफ अ नेटिव्ह सन’ (1955) या पहिल्या निबंधसंग्रहाला नाव देऊन गेला.

1948 च्या नोव्हेंबरात खिशात चाळीस डॉलर घेऊन ते पॅरिसला गेले. देशात राहिलो तर मरू किंवा मारू, अशी त्यांची अवस्था झाली होती. पॅरिस हा काही स्वर्ग नव्हता. 1949 च्या डिसेंबरात हॉटेलातल्या एका चादरीच्या चोरीत नाहक गोवून त्यांना तुरुंगात टाकण्यात आले. नाताळ गजाआड गेला. अखेर सुटका झाली तेव्हा चादरीची कथा ऐकून न्यायालयात हशा पिकला. ते हसू बाल्डविन यांनी ओळखले. दुःखितांच्या दुःखाचे चटके आपल्याला कधीच बसणार नाहीत, अशी खात्री असलेल्यांचे ते हसू होते. देश बदलला तरी ते बदलत नाही, हे त्यांनी लिहून ठेवले.

त्याच 1949 साली त्यांच्या एका निबंधाने खळबळ उडाली. ‘अंकल टॉम्स केबिन’ ही 1852 ची कादंबरी म्हणजे गुलामगिरीविरोधी साहित्याचे मोठे दैवत. बाल्डविन यांनी नेमके त्यावरच बोट ठेवले. अश्रू ढाळणारे हे साहित्य काळ्या माणसाला माणूस म्हणून उभेच करत नाही. ते त्याला दयेचा विषय बनवते आणि वाचणाऱ्या गोऱ्याला आपण किती कनवाळू आहोत याचे समाधान देते, असा त्यांचा आक्षेप होता. एवढ्यावर ते थांबले नाहीत. रिचर्ड राइट हे त्या काळचे थोर कृष्णवर्णीय कादंबरीकार. त्यांनीच बाल्डविन यांना पहिली लेखनवृत्ती मिळवून दिली होती. त्या राइट यांच्या ‘नेटिव्ह सन’ (1940) मधला नायकही गोऱ्यांनी रंगवलेल्या भयंकर काळ्याच्या चित्रात अडकून पडला आहे, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. राइट दुखावले आणि मैत्री तुटली. या टीकेत राइट यांच्यावर अन्याय झाला असेही म्हणता येईल. पण मुद्दा मोलाचा होता. जुलूम करणाऱ्याने काढलेले आपले चित्र उलटे टांगले म्हणून ते आपले होत नाही. ‘हरिजन’ हा दयेचा शब्द झिडकारून स्वाभिमानाची भाषा घडवणाऱ्या आपल्या चळवळीला हे वेगळे समजावून सांगायला नको.

या विचाराचा पुढचा टप्पा ‘स्ट्रेंजर इन द व्हिलेज’ (1953) या निबंधात दिसतो. स्वित्झर्लंडच्या डोंगरातल्या एका लहानशा गावात ते काही काळ राहिले. त्या गावाने त्यांच्याआधी काळा माणूस पाहिलाच नव्हता. पोरे मागे धावत, कुणी केसांना हात लावून बघे. आफ्रिकेतले काळे ‘विकत घेऊन’ त्यांना ख्रिस्ती करण्यासाठी चर्चमध्ये पैसे जमवण्याची प्रथा तिथे होती, आणि एक बाई त्यांना आदल्या वर्षीचा आकडा मोठ्या अभिमानाने सांगत होती! बाल्डविन या अडाणी गावकऱ्यांवर चिडत नाहीत. ते एक फरक दाखवतात. या गावाला काळा माणूस अनोळखी आहे; अमेरिकेतल्या गोऱ्याला तो तीनशे वर्षांहून अधिक काळ ओळखीचा आहे. त्याच्याच घामावर त्याचे घर उभे आहे. त्यामुळे त्याचे न ओळखणे हे अज्ञान नव्हे, ती लबाडी आहे.

1957 साली ते मायदेशी परतले आणि आयुष्यात प्रथमच दक्षिणेत गेले. शार्लट, अटलांटा, माँटगोमेरी असा प्रवास केला, किंग यांना भेटले, गोऱ्यांच्या शाळेत एकट्याने जाणाऱ्या काळ्या मुलांशी बोलले. 1963 मध्ये ‘द फायर नेक्स्ट टाइम’ हे छोटे पुस्तक आले आणि अमेरिका हादरली. त्यात दोनच लेख आहेत. पहिला म्हणजे गुलामगिरीमुक्तीच्या घोषणेच्या शताब्दीनिमित्त पुतण्याला लिहिलेले पत्र. दुसऱ्यात चर्चमधले दिवस आणि ‘नेशन ऑफ इस्लाम’चे प्रमुख एलिजा मुहम्मद यांच्या शिकागोतल्या घरची भेट आहे. मुहम्मद यांचा संताप त्यांना पटतो, गोऱ्यांचा द्वेष करणारा मार्ग पटत नाही. पुतण्याला ते सांगतात त्याचा आशय असा : तुला हीन मानतात यावरून तुझी किंमत ठरत नाही, मानणाऱ्यांची भीती आणि क्रूरता तेवढी दिसते. हा तथाकथित ‘काळ्यांचा प्रश्न’ मुळात काळ्यांचा नाहीच. आपल्याला खाली ढकलायला कोणीतरी लागते, ही गोऱ्या माणसाची गरज आहे. ती का लागते, हे त्याने स्वतःला विचारावे.

इथे आपल्या वाचकाला ‘जातिनिर्मूलना’ची आठवण होईल. 1936 साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी बाबासाहेबांनी लिहिलेले आणि मंडळाने होऊ न दिलेले ते भाषण अस्पृश्यांपुढे करायचे नव्हतेच, ते सवर्ण हिंदूंपुढे करायचे होते. रोग कोणाला झाला आहे, हे त्यांनी रोग्यालाच सांगितले. 1946 साली बाबासाहेबांनी कृष्णवर्णीयांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली होती. दोन्ही लढ्यांतले साम्य त्यांनी तेव्हाच हेरले होते.

बाल्डविन यांनी सिनेमालाही सोडले नाही. ‘द डेव्हिल फाइंड्स वर्क’ (1976) हे त्यांचे पुस्तक सिनेमावरच आहे. ‘द डिफायंट वन्स’ (1958) या गाजलेल्या चित्रपटात साखळीने बांधलेले दोन कैदी पळतात, एक गोरा आणि एक काळा. शेवटी काळा गाडीत चढतो, पण गोरा मागे राहिला म्हणून उडी टाकून परत येतो. उदारमतवादी गोऱ्या प्रेक्षकांना गहिवरून आले. हार्लेमच्या थिएटरात मात्र लोक ओरडले की, वेड्या, गाडीत चढ! एकाच दृश्याचे हे दोन अर्थ सांगून बाल्डविन विचारतात ते एवढेच : शोषिताने स्वतःची सुटका सोडून शोषकाचे मन का सांभाळायचे? आपल्या पडद्यावरच्या समरसतेच्या गोष्टी पाहताना हा प्रश्न आपणही खिशात ठेवावा.

18 फेब्रुवारी 1965 रोजी केंब्रिजच्या वादसभेत सनातनी विचारांचे विल्यम बकली यांच्याविरुद्ध ते उभे राहिले. अमेरिकन स्वप्न काळ्यांच्या जिवावर उभे आहे, हा ठराव 544 विरुद्ध 164 मतांनी जिंकला. तीनच दिवसांनी माल्कम एक्स यांची हत्या झाली. त्याआधी 1963 मध्ये मेडगर एव्हर्स मारले गेले होते, 1968 मध्ये किंगही गेले. तिघेही बाल्डविन यांचे मित्र, तिघेही चाळिशीच्या आत संपवले गेले. सरकारच्या गुप्तचर खात्याने या लेखकावर 1,884 पानांची फाइल तयार केली. लेखणीला सत्ता किती घाबरते याचा हा पुरावाच!

पण दुखणे फक्त सत्तेकडूनच आले असे नाही. 1963 च्या वॉशिंग्टन मोर्चात ते हजर होते, मात्र वक्त्यांच्या यादीत त्यांचे नाव नव्हते. ते समलिंगी होते आणि ‘जिओव्हानीज रूम’ (1956) लिहून त्यांनी ते झाकायचे नाकारले होते. 1968 साली ब्लॅक पँथर नेते एल्ड्रिज क्लीव्हर यांनी त्यावरूनच त्यांच्यावर अत्यंत हीन टीका केली. माणसाच्या मुक्तीसाठी लढणाऱ्यांनीच आपल्यातल्या एका माणसाला कमी लेखले. बाल्डविन यांनी चळवळ सोडली नाही आणि स्वतःशी खोटेही बोलले नाहीत. 1 डिसेंबर 1987 रोजी फ्रान्समध्ये कर्करोगाने त्यांचे निधन झाले. न्यूयॉर्कच्या ज्या कॅथेड्रलमध्ये टोनी मॉरिसन आणि माया अँजेलो यांनी त्यांना निरोप दिला, ते कोलंबिया विद्यापीठाच्या जवळच आहे.

1972 साली मुंबईत दलित पँथरचा जन्म झाला तेव्हा नाव अमेरिकेतून आले. डॉ. म. ना. वानखडे आणि जनार्दन वाघमारे यांनी कृष्णवर्णीयांचे साहित्य मराठी वाचकांसमोर आणले. ती वाट आपण पुढे कितपत चाललो? आजही विद्यापीठांत ‘दलितांच्या समस्या’ हा संशोधनाचा हमखास विषय असतो. जात पाळणाऱ्याच्या मनाचा अभ्यास हा विषय किती जण घेतात? 2006 साली खैरलांजी घडले तेव्हाही मारणाऱ्यांच्या मनोवृत्तीआधी मारल्या गेलेल्यांच्या चारित्र्याची चर्चा झाली. प्रश्न अजून चुकीच्या दारात उभा आहे.

बांधवांनो, बाल्डविन वाचायचे ते परदेशी मोठेपणासाठी नव्हे. पुढच्या वेळी कुणी सहानुभूतीने ‘तुमचा प्रश्न’ असे म्हणाले, तर तो शब्द तिथल्या तिथे दुरुस्त करता यावा, एवढ्यासाठी वाचायचे. आणि आपल्यातला एखादा लिहिणारा आपल्यालाच टोचेल असे काही बोलला, तर त्याला गद्दार म्हणण्याआधी त्याचा लेख शेवटपर्यंत वाचायचा, यासाठीही!