कुंडीतला पानओवा : उपयोग आणि मर्यादा

नंदुरबारला मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि नाजूक फुलझाडे माना टाकतात. बागेसाठी फारसा वेळ नसेल, तर पानओवा लावून पाहा. एकदा रुजला की तो वर्षानुवर्षे साथ देतो.

मसाल्याचा ओवा या झाडाला येत नाही. ते झाड वेगळे. पानओवा तुळस-पुदिन्याच्या कुळातला. त्याची जाड, लवदार पाने चुरगळली की ओव्यासारखा वास येतो. हा वास मुख्यतः कार्व्हाक्रॉल व थायमॉल या द्रव्यांचा. थायमॉल ओव्यातही असते.

चार ते सहा इंचांची फांदी कापून खालची पाने काढावीत व ती कुंडीत खोचावी. दोन-तीन आठवड्यांत ती मुळे धरते. आपली काळी माती पाणी धरून ठेवते व मुळे कुजतात. म्हणून तीत वाळू व कुजलेले शेणखत मिसळावे. सकाळचे ऊन व दुपारची सावली त्याला मानवते. वरची माती सुकल्यावरच पाणी घालावे. शेंडे खुडत राहिल्यास झाड डेरेदार होते. कुंडीखालच्या ताटलीत मात्र पाणी साचू देऊ नये. डेंग्यूचा डास तिथेच वाढतो.

पानांची भजी तर रुचकर होतातच. सर्दी झालेल्या मोठ्या माणसाने दोन-चार पाने उकळून तो काढा कोमट प्यायला हरकत नाही. घशाला आराम वाटतो. पण न्यूमोनिया त्याने बरा होत नाही.

तान्ह्या बाळाला हा रस पाजू नये, नाकातही थेंब टाकू नयेत. सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचे दूध द्यावे. वर्षाच्या आत मधही देऊ नये.

मूल खोकत असेल, तर ते शांत असताना घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांखालील बाळाचे ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास भरले, तर न्यूमोनियाची शंका घ्यावी. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल किंवा बाळ दूध पीत नसेल, तर क्षणभरही थांबू नये. मूल थेट दवाखान्यात न्यावे. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून वाट लांबची असते. तेथे तर ‘सकाळी पाहू’ असे म्हणूच नये.