इफ्ताहाचा नवस आणि न आलेला देवदूत



‘हुक्कत’ या पराशाबरोबर शोफ्तीमच्या ११ व्या अध्यायातील हाफ्तारा वाचला जातो. त्यात इफ्ताह नवस बोलतो: अम्मोन्यांवर जय मिळाला, तर परतल्यावर माझ्या घराच्या दारातून जे सामोरे येईल ते परमेश्वराला अर्पण करीन. ३३ व्या पासुकात विजय होतो आणि वाचन थांबते. ३४ व्या पासुकात डफ वाजवीत, नाचत सामोरी येते ती त्याची एकुलती एक कन्या. हाफ्तारात तिची भेट होत नाही.

ख्रिस्ती युरोपच्या संगीताने मात्र ही कथा पुढे गायिली. सतराव्या शतकात रोममध्ये कारिस्सिमीने रचलेला ओरातोरिओ विलापातच संपतो. ओरातोरिओ म्हणजे वेशभूषा व अभिनय यांवाचून गायिले जाणारे नाट्य. आपल्या पूर्वजांनी तनाखच्या कथांवर रचलेल्या मराठी कीर्तनांचा तो दूरचा आप्तच म्हणावा. पुढे २६ फेब्रुवारी १७५२ रोजी लंडनमध्ये हॅन्डेलचा ‘जेफ्था’ प्रथम सादर झाला. तो रचीत असतानाच हॅन्डेलची दृष्टी मंदावत चालली होती.

तनाखमध्ये या मुलीला नाव नाही. हॅन्डेलसाठी शब्दरचना करणारे पाद्री टॉमस मोरेल यांनी तिला इफिस म्हटले. या नावामागे युरिपिडीसची इफिजिनिया उभी आहे. ग्रीक राजा अ‍ॅगमेम्नॉन जहाजांना वारा मिळावा म्हणून स्वतःच्या मुलीला वेदीवर नेतो. अखेरच्या क्षणी देवी आर्टेमिस तिच्या जागी हरिणी ठेवते. मोरेलही असाच एक देवदूत पाठवितात. मुलीचा वध होऊ नये, तिने आजन्म कुमारी राहून ईश्वराची सेवा करावी, असे तो सांगतो. आपले भाष्यकार रदाक हेही तिचा वध झाला नाही, ती एकांतात राहिली, असेच मानतात. पण अब्राहामाचा हात अडविणारा देवदूत इफ्ताहाच्या कथेत कोठेच नाही.

मग सुटकेचा मार्ग नव्हताच का? बेरेशीत रब्बा सांगते की होता. पिनहास कोहेन नवस सोडवू शकला असता. तो म्हणाला, गरज त्याला आहे, मी का जावे? इफ्ताह म्हणाला, मी इस्राएलचा प्रमुख, मी का जावे? दोघांच्या मानापमानात मुलगी गेली. मोरेलांनी सुटका आकाशातून आणविली. आपल्या हाखामांनी मात्र दोन घरांमधल्या वाटेकडे बोट दाखविले.

आपणही नवस बोलणारी माणसे आहोत. मुलांसाठी एलियाहू हन्नाबीला नवस करतो, तो फळला की मलिदा करतो. ते मंगलच आहे. परंतु मुलांच्या शिक्षणाविषयी, विवाहाविषयी आपण त्यांना न विचारता कोणाला तरी शब्द देतो, आणि मग त्या शब्दाची किंमत त्यांनी मोजावी अशी अपेक्षा धरतो. रोश हाशानाच्या आदल्या दिवशी तिघांसमोर उभे राहून हत्तारत नेदारीम म्हणताना मला ती निनावी मुलगी आठवते. तिच्या पित्याला एवढेच करायचे होते.