फोर्ट मॅकमरी : तेलवाळूचं शहर

कॅनडातल्या अल्बर्टा प्रांताची राजधानी एडमंटन. तिथून उत्तरेला सुमारे ४३५ किलोमीटरवर हे शहर आहे. इथलं तेल विहिरीतून उसळत नाही, वाळूच्या कणांना डांबरासारखं चिकटून असतं. सुमारे दोन टन वाळू गरम पाण्यात घुसळली, की जेमतेम एक पिंप तेल निघतं. १९६७ पासून हा उद्योग व्यापारी पातळीवर चालतो. १९९२मध्ये कॅनडाच्याच पूर्व किनाऱ्यावरच्या न्यूफाउंडलंडची कॉड मासेमारी बंद झाली आणि तिथले कितीतरी कोळी इथे पोटासाठी आले.

परदेशातून इथे नोकरीला यायचं तर पगार मोठा, पण निघण्याआधी वर्क परमिट नीट वाचा. ते एकाच मालकाशी बांधलेलं असेल, तर नोकरी गेल्यावर दुसरीकडे लगेच रुजू होता येत नाही. माझ्या मते पगाराच्या आकड्याआधी ही ओळ पाहायला हवी. इंजिनिअरांना स्वतःच्या जबाबदारीवर काम करायला प्रांताच्या व्यावसायिक संस्थेची नोंदणीही लागते.

थंडी उणे ४० अंशांपर्यंत जाते; गाड्या रात्री विजेच्या प्लगला जोडून ठेवतात, नाहीतर इंजिन गोठतं. मे २०१६च्या वणव्यात ऐंशी हजारांहून अधिक माणसांना घरं सोडावी लागली. दक्षिणेकडे उतरायला मोठा रस्ता एकच, महामार्ग ६३.