मोळी कोणी बांधली?

डॉक्युमेंटरी छायाचित्रणात विषय निवडणे म्हणजे कोणत्या माणसांकडे पुन्हा पुन्हा जायचे, हे ठरवणे. बातमीच्या फोटोला एक प्रसंग पुरतो. कोपरगाव तालुक्यात साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की बॉयलरचे अग्निप्रदीपन आणि गव्हाणीत उसाची मोळी टाकणारे मान्यवर छापून येतात. ती मोळी कोणी तोडली आणि बांधली, हे त्या फोटोत नसते. डॉक्युमेंटरीचे काम तिथून सुरू होते.

असा विषय शोधायला दूर जावे लागत नाही. सुधारक ओलवे यांना तो मुंबईच्या रस्त्यावरच मिळाला. मूळचे अकोल्याचे ओलवे वृत्तपत्रांसाठी फोटो काढत होते. शहराला कचरा दिसतो, तो उचलणारा दिसत नाही. महापालिकेच्या सफाई कामगारांमागे ओलवे गटारात आणि कचऱ्याच्या ढिगांवर गेले, तसेच त्यांच्या घरांतही गेले. म्हणून त्यांच्या कृष्णधवल चित्रांत घाणीत उतरलेला माणूस आहे, कामानंतरची दारू आहे आणि नवरा गेल्यावर त्याच्याच जागी झाडू हाती घेतलेली बाईसुद्धा आहे. २००५ मध्ये ‘नॅशनल जिओग्राफिक’ने या कामाचा गौरव केला, २०१६ मध्ये ओलवे यांना पद्मश्री मिळाली. पण या कामाचे खरे मोल चिकाटीत आहे. एका दिवसात काढलेल्या फोटोंत फक्त घाण आली असती.

चिकाटीची हीच कसोटी उसाच्या फडाला लावावी. बीड, पाथर्डीकडून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात. हिशेबात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. या एका शब्दात बाईची मजुरी गडप होते. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटेपर्यंत तोडणी, साळणी, मोळ्या बांधणे आणि अपरात्री आलेली गाडी भरणे चालूच राहते. पहाटे फडाकडे निघालेली बैलगाडी देखणी दिसते, म्हणून कॅमेरा तिकडे वळतो. विषय मात्र कोपीत, चुलीपाशी, मागे राहिलेल्या पोरांत असतो. हंगाम संपल्यावर टोळीच्या गावी गेल्याशिवाय तो पुरा होत नाही.

काही गोष्टी भिंगाला दिसतच नाहीत. २०१९ मध्ये सरकारी समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. याचा फोटो निघत नाही. तिथे बाईचे म्हणणे तिच्या शब्दांत टिपून चित्राशेजारी छापावे लागते, तेही तिची तयारी असेल तरच.

संमती आणि नाव हा निवडीचाच भाग आहे. अमेरिकी छायाचित्रकार डोरोथिया लँग यांनी १९३६ मध्ये कॅलिफोर्नियात स्थलांतरित शेतमजूर आईचा फोटो काढला. तो जगभर गेला. ती फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन, हे मात्र १९७० च्या दशकाच्या अखेरीस उघड झाले. लँग यांनी नाव विचारलेच नव्हते. ऊसतोडीत ही चूक सहज होते, कारण पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की टोळी निघून जाते. म्हणून पहिल्याच भेटीत नाव आणि मूळ गाव वहीत उतरवावे. छापलेला फोटो त्या घरी पोचवायला तोच पत्ता लागतो.